टाळ्या वाजवल्या, आता शपथ पाळू द्या



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मुलीला नर्सिंगला घालावे का? रात्रपाळी असते, परके पुरुष रुग्ण असतात, रिश्ते येताना अडचण होईल का?" मुलगा युनानी किंवा एम.बी.बी.एस.ला लागला तर पेढे वाटले जातात, आणि मुलगी नर्सिंगला लागली तर सल्लामसलत सुरू होते. या महिन्यात आम्ही सल्ला देण्याऐवजी आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत. ती सांगताना आमची स्वतःची चूकही सांगावी लागेल. त्याला इलाज नाही.

आमची भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा. सुरुवातीचे महिने वर्गात शरीररचना, शरीरक्रिया, पोषण असे विषय, आणि कौशल्य प्रयोगशाळेत डमीवर सराव. पलंगाची चादर सुरकुती न पडता कशी घालायची, नाडी कशी मोजायची, रक्तदाब कसा घ्यायचा, निजून असलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हे सगळे आधी प्लास्टिकच्या पुतळ्यावर. पुतळा कण्हत नाही, लाजत नाही, "बेटी, जरा हळू" म्हणत नाही. मग एक दिवस येतो आणि या मुलींना खऱ्या वॉर्डात पाठवतात. त्याआधी महाविद्यालयात एक समारंभ होतो. हातात दिवा घेऊन त्या शपथ घेतात. आईवडिलांना बोलावणे असते.

आम्ही घरातले सात जण गेलो. पहिल्या रांगेत अम्मी, म्हणजे मुलीची नानी. दुल्हेभाई, म्हणजे मुलीचे अब्बा, सर्वांत टोकाच्या खुर्चीवर. त्यांचा या शिक्षणाला मनापासून होकार नव्हता. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलीची रात्रपाळी त्यांना खटकत होती. "अब्बा, तुम्ही तीस वर्षे रात्रपाळी केलीत, तेव्हा कुणी काही बोलले का?" असे मुलीने विचारल्यावर ते गप्प झाले होते. पण गप्प होणे वेगळे आणि राजी होणे वेगळे.

दिवे पेटले तेव्हा अम्मीने आमच्या कानाशी विचारले, "हे दिवे कशासाठी?" हा प्रश्न अनेक घरांत पडत असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

तो दिवा कुठून आला

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू होते. तुर्कस्तान, इंग्लंड आणि फ्रान्स एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी इंग्रज सैनिकांना इस्तंबूलजवळ उस्कुदार येथे तुर्की सैन्याच्या एका प्रचंड बराकीत आणून ठेवत. नोव्हेंबर महिन्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तिथे पोहोचल्या. घाण, दुर्गंधी, कोंदट हवा, तुंबलेली गटारे. जखमांनी मरणाऱ्यांपेक्षा रोगराईने मरणारे जास्त. नाइटिंगेल रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांच्या रांगांमधून फिरत, म्हणून त्यांना दिवा घेतलेली बाई हे नाव पडले. चित्रांत त्यांच्या हातात अल्लाउद्दीनच्या चिरागासारखा दिवा दाखवतात, पण त्या वापरत तो साधा तुर्की फानूस होता, घडी होणारा कापडी कंदील. १८६० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. त्यांच्या नावाने घेतली जाणारी शपथ मात्र त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका परिचारिका विद्यालयात लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

अम्मीला आम्ही थोडक्यात सांगितले, "हा रात्रीच्या फेरीचा कंदील आहे." अम्मी म्हणाली, "मग ठीक. आजाऱ्याजवळ रात्री दिवा लागतोच."

आपल्या वाचकांना हेही ठाऊक असावे की आजाऱ्याची सेवा हा स्त्रियांसाठी उपरा पेशा नाही. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (र.) यांना बाणाची जखम झाली, तेव्हा त्यांना मदीनेत हजरत रुफैदा (र.) यांच्या तंबूत नेण्यात आले. त्या जखमींवर उपचार करीत. हा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. जो बाप "नर्स" या शब्दावर अडतो त्याने हे नाव लक्षात ठेवावे.

डॉक्टर होणाऱ्या मुलांसाठी याच धर्तीवर पांढरा कोट अंगावर चढवण्याचा समारंभ असतो. तो फार जुना नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. अर्नोल्ड गोल्ड यांच्या प्रयत्नाने त्याला आजचे रूप आले आणि मग तो जगभर पसरला. त्यांचे म्हणणे साधे होते. शपथ शिक्षण संपल्यावर घेऊन काय उपयोग? रुग्णाला हात लावण्याआधी घ्यायला हवी.

आणि रुग्णाच्या खाटेशी बसून शिकणे तर याहून कितीतरी जुने. हजार-अकराशे वर्षांपूर्वी अर-राझी यांच्याभोवती शिष्य एकामागे एक ओळी करून बसत. रुग्ण आला की प्रथम बाहेरच्या ओळीतले नवखे त्याला तपासत. त्यांना उमगले नाही तर पुढची ओळ, तिलाही नाही उमगले तर खुद्द उस्ताद. नवखा आधी, पण उस्ताद नजरेच्या टप्प्यात, ही पद्धत आजही वॉर्डात चालते.

आमच्या घरातला वॉर्ड

समारंभात मुलींनी एका सुरात शपथ म्हटली. रुग्णाला अपाय होईल असे काही करणार नाही, घातक औषध जाणूनबुजून देणार नाही, आणि कामाच्या ओघात रुग्णाच्या घरच्या ज्या गोष्टी कळतील त्या बाहेर काढणार नाही. शपथ संपली आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तर जरा जास्तच जोरात. दुल्हेभाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि तो तीनदा तपासून पाहिला.

दुसऱ्या आठवड्यापासून भाची वॉर्डात जाऊ लागली. पहिल्या दिवशी घरी आली ती रडवेली. डमीवर अचूक येणारा रक्तदाब तिला एका म्हाताऱ्या बाबांच्या हातावर ऐकूच येईना. दोनदा पट्टा फुगवला, तिसऱ्यांदा फुगवताना हात थरथरला. ते बाबाच म्हणाले, "घे बाई सावकाश, मला कुठे गाडी पकडायची आहे?" मग शिकवणाऱ्या सिस्टरांनी तिला स्टेथोस्कोप नेमका कुठे टेकवायचा ते दाखवले. औषधाच्या ट्रॉलीपाशी तर मुली पाच गोष्टी घोकत उभ्या असतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यातली एक चुकली तरी बाकीच्या चार बरोबर असून उपयोग नाही.

एक-दीड महिना गेला. आमच्या थोरल्या मुलासाठी एका घरी बोलणी चालू होती. मुलगी शिकलेली, घर ओळखीचे. तारीख धरायची एवढेच बाकी होते. अशात एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी आमच्या घरात येऊन सांगितले, "मुलीच्या आईला मी दवाखान्यात पाहिले. तुमची भाची ज्या वॉर्डात आहे, त्याच बाजूला गेल्या."

झाले. घरात कुजबुज सुरू झाली. काय झाले असेल? मोठे काही असेल का? मुलीलाही होण्यासारखे असेल का? आम्ही भाचीला बोलावून घेतले. बहीण आणि दुल्हेभाईही आले. चहा झाला. मग आम्ही विषय काढला.

भाची म्हणाली, "मामू, मी वॉर्डात होते. कोण आले, कोण नाही, ते मला सांगता येणार नाही."

आम्ही म्हणालो, "आम्हाला आजाराचे नाव नको. फक्त हो की नाही एवढे सांग. काळजीचे आहे का?"

"मामू, 'नाही' म्हटले तरी त्या आल्या होत्या हे सांगितल्यासारखे होते."

आमच्या पत्नीला राग आला. "घरच्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आम्ही काय परके आहोत?"

मुलीचे डोळे भरले. "मुमानी, तुम्ही परक्या नाही. म्हणूनच अवघड जाते."

आम्ही, ज्यांनी टाळ्या सर्वांत जोरात वाजवल्या, आवाज चढवून म्हणालो, "एवढे शिकून घरच्यांच्या उपयोगी पडायचे नसेल तर काय उपयोग?"

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले दुल्हेभाई बोलले. "भाई, त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. तिने शपथ घेतली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. ती शपथ लोकांच्या घरांसाठी होती आणि आपल्या घराला सूट होती, असे मला कुणी सांगितले नाही. मी तिच्या नोकरीला राजी नव्हतो. आज राजी आहे. पण तिला शपथ मोडायला लावायची असेल तर उद्यापासून तिने कॉलेजला न गेलेले बरे."

कुणी काही बोलेना. मग अम्मी बोलली. तिने सात वर्षांपूर्वीची गोष्ट काढली. तिच्या पित्ताशयाचे ऑपरेशन होते. एका मोठ्या रुग्णालयात सकाळच्या फेरीला दहा-बारा विद्यार्थी आले. शिकवणाऱ्यांनी न विचारता पांघरूण दूर केले आणि पोटावर बोट ठेवून इंग्रजीत बोलू लागले. अम्मीने ओढणी तोंडावर घेतली. त्या घोळक्यातली एक मुलगी पुढे आली, तिने पडदा ओढला, पांघरूण गरजेपुरतेच राहील असे नीट केले आणि विचारले, "खाला, मी हात लावून पाहू का? दुखले तर सांगा." सात वर्षांत अम्मी सर्जनचे नाव विसरली, पण त्या मुलीचा आवाज विसरलेली नाही. अम्मी म्हणाली, "त्या दिवशी माझी अब्रू तिने राखली. ती घरी जाऊन माझ्याबद्दल आपल्या मामूला सांगत बसली असेल, असे तुम्हाला वाटते का?"

आम्ही मान खाली घातली. भाचीची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आमच्या पत्नीने सरळ मुलीच्या आईकडे जाऊन, चहा पीत, मोकळेपणाने विचारले. लग्न ठरवणाऱ्या दोन घरांनी एकमेकांना तब्येतीबद्दल विचारण्यात गैर काही नाही, ज्याचे त्याला विचारावे एवढेच. उत्तर काय मिळाले ते आम्ही इथे लिहिणार नाही. ते त्यांच्या घरचे आहे. रिश्त्याचे पुढे काय झाले, असेही कृपया पत्रातून विचारू नये.

वॉर्डात जाणाऱ्या मुला-मुलींच्या घरांसाठी

मालेगाव, मुंबई, पुणे, अक्कलकुवा येथे युनानी महाविद्यालये आहेत, आणि नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियन, फार्मसी असे अभ्यासक्रम आता बऱ्याच शहरांत आहेत. म्हणजे वर्गातून वॉर्डात पाऊल टाकणारे मूल तुमच्याही घरात असू शकते. घरच्यांनी काय सांभाळावे, ते आमच्या अनुभवातून आणि भाचीच्या सिस्टरांशी झालेल्या बोलण्यातून थोडे सांगतो.

पहिली गोष्ट लसीची. रुग्णालयात काम करणाऱ्याला हिपॅटायटिस बी या काविळीचा धोका असतो. तिच्या लसीचे तीन डोस असतात. पहिला, मग एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्ड सुरू होण्याआधी मुलाचे डोस झाले का, हे विचारा. फीची पावती आपण जपून ठेवतो, तसे हे कार्डही ठेवा.

दुसरी सुईची. वापरलेली सुई बोटाला टोचणे हे नवख्यांच्या बाबतीत घडते. भीतीने किंवा ओरडा बसेल म्हणून मुले लपवतात, आणि तिथेच घात होतो. टोचल्यास बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगावे. एच.आय.व्ही.चा धोका वाटल्यास प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तास उलटून गेले की त्यांचा उपयोग धरत नाहीत. "घरी सांगितले तर शिक्षण बंद करतील" ही भीती मुलीच्या मनात असेल तर ती हे ७२ तास गप्प राहून घालवेल. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा, की काहीही झाले तरी सांग, कुणी रागावणार नाही.

तिसरी पोशाखाची. हा प्रश्न आपल्या घरांत हळवा आहे, म्हणून नीट समजून घ्यावा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी एक भयंकर गोष्ट ओळखली. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत आणि त्या तापाने दगावत. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने घटले. रुग्णाजवळ बाह्या कोपरापर्यंत दुमडण्याचा आग्रह या समजुतीतून येतो. त्यामागे कुणाच्या धर्माशी वैर असते असे समजू नये. मार्गही निघू शकतात. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये अशा स्त्रियांसाठी एकदा वापरून टाकायच्या बाह्यांना मुभा दिली. २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील सात विद्यार्थिनींनी शस्त्रक्रियागृहात लांब बाह्यांचे जाकीट आणि डोके झाकणारी टोपी वापरू द्यावी, असा लेखी अर्ज प्राचार्यांकडे केला होता. मागणी मान्य होवो वा न होवो, विचारण्याची रीत हीच. लेखी, नम्रपणे आणि रुग्णाच्या सुरक्षेला पुढे ठेवून. हिजाब असेल तर तो रोज धुतलेला, नीट पिन लावलेला असावा. त्याचा पदर रुग्णाच्या जखमेवर लोंबता कामा नये.

चौथी गोष्ट झोपेची आणि जाण्या-येण्याची. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला घरात मुलगा म्हणून झोपू दिले जाते आणि मुलीला मात्र भाकरी थापायला उठवले जाते. हे बंद करा. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकते. पहाटे-रात्री ने-आण कोण करणार, ते घरातल्या पुरुषांनी आधी ठरवावे. आमच्याकडे ते काम आता दुल्हेभाईंनी स्वतःकडे घेतले आहे.

पाचवी. विद्यार्थ्याला घरचा डॉक्टर करू नका. पहिल्या वर्षाच्या मुलीला मोहल्ल्यातून रिपोर्टचे फोटो पाठवणे, "कोणती गोळी घेऊ?" म्हणून विचारणे, हे तिला संकटात टाकणे आहे. "मला अजून येत नाही, डॉक्टरांना दाखवा" असे ती म्हणाली तर ती चांगले शिकते आहे असे समजा.

आणि आपण रुग्ण असताना

आज ज्या डॉक्टरवर आपला भरवसा आहे, तो कधीतरी कुणाच्या तरी खाटेशी थरथरत्या हातांनी उभा होता. कुणीतरी त्याला शिकू दिले, म्हणून तो तयार झाला. तेव्हा आपल्या खाटेशी एखादा विद्यार्थी आला आणि त्याने अदबीने विचारले तर शक्य तेवढे हो म्हणावे. त्या रक्तदाबवाल्या बाबांसारखे. पण विचारले गेलेच पाहिजे. "नको" म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. स्त्रीला तपासताना जवळ स्त्री असावी, पडदा ओढलेला असावा, हे मागण्याचाही आहे. हे मागताना आवाज चढवण्याची गरज नसते. अम्मीने त्या वेळी मागितले असते तर बरे झाले असते, असे तीच आता म्हणते.

परवा आम्ही बहिणीकडे गेलो होतो. भाची ड्यूटीवरून आली, आधी कोपरापर्यंत हात धुतले, मग अम्मीजवळ टेकली. अम्मीने विचारले, "आज काय झाले?"

"नानी, आज एका आजीबाईंनी खूप दुवा दिली. पहिल्यांदाच एका दमात रक्तदाब बरोबर आला माझा."

"कुठल्या गं? आपल्या गल्लीतल्या का?"

भाचीने नानीकडे पाहिले. "नानी!"

अम्मी हसली, आमच्याकडे बघून म्हणाली, "पाहात होते, विसरली तर नाही."

अल्लाह या मुला-मुलींच्या हातांना शिफा देवो, आणि आपल्या जिभेला सबुरी. आमीन.